परवा तीन बरगे

खडकेवाडीत अक्काताईला अक्काताई म्हणणारं आता कुणी राहिलेलं नाही. सगळे टीचर म्हणतात. कर्नाटकात अंगणवाडी चालवणारी बाई टीचरच असते, पगार कितीही तुटपुंजा असला तरी. बत्तीस वर्षं तिनं गावच्या पोरांना मराठीतून गाणी शिकवली आणि त्याच पोरांची वजनं, उंच्या आणि लशी कानडीतून लिहिल्या. सुपरवायझर बाई यायच्या तेव्हा पोरांनी कानडी गाणं म्हणायचं, गेल्या की परत मराठी. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. निपाणीच्या आसपास जगायचं तर एवढं करावंच लागतं.

तिचा जन्म वेदगंगेच्या वरच्या अंगाचा, बाणेवाडीचा. बाणेवाडी महाराष्ट्रात. लग्न झालं तशी ती नदीबरोबर चौदा किलोमीटर खाली आली आणि कर्नाटकात पडली. नदीला त्याचं काही नव्हतं. हिला मात्र सव्विसाव्या वर्षी, मांडीवर पोरगी घेऊन, पहिलीच्या पुस्तकातून कानडी गिरवावं लागलं, कारण त्याशिवाय अंगणवाडीची नेमणूक मिळत नव्हती. पहिल्या परीक्षेत नापास झाली. दुसऱ्यांदा बसली. पुढं ती मांडीवरची पोरगी, पूर्णिमा, मोठी झाली आणि आणखी अकरा किलोमीटर खाली मल्लिकट्टीला दिली. मल्लिकट्टी जवळजवळ सगळी कानडी. म्हणजे माहेर वर, सासर मध्ये, लेक खाली. नवरा वारल्यावर अक्काताईचं जे काही माणूस उरलं होतं ते सगळं या पंचवीस किलोमीटर पाण्याच्या काठाला होतं.

वरच्या टोकाला तिचा धाकटा भाऊ नागोजी. बाणेवाडीच्या बंधाऱ्यावर पाणी संस्थेनं त्याला नेमलेला. पावसाळा संपला की बंधाऱ्याच्या खांबांमधल्या गाळ्यांत एकावर एक लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी त्या काढून घेतात. या फळ्यांना बरगे म्हणतात. आकडा अडकवून, साखळीनं बरगा ओढून काढणं हे जोखमीचं काम. पाण्याचा दाब असताना बरगा कधी कसा उसळेल सांगता येत नाही. नागोजीच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यातच गेली होती. नदीतलं त्याला जितकं कळायचं तितकं पाटबंधारेच्या साहेबांना कळत नसे, आणि तो ते साहेबांना सांगायलाही कमी करत नसे.

दोन हजार एकोणीसच्या महापुरात त्यानं बहिणीला फोन केला होता. आक्का, खांबावरच्या अकराव्या खुणेला पाणी लागलंय, अजून चढतंय, एवढंच बोलला. अक्काताईनं तेच कानडीत करून मल्लिकट्टीच्या भरमाला सांगितलं. भरमा तिथल्या पंचायतीचा वॉटरमन, गावची मोटर चालू-बंद करणारा. त्यानं गावाला उठवलं. सरकारी दवंडी आली तोवर मल्लिकट्टीची जनावरं माळावर पोचून सहा तास झाले होते. घरं बुडाली, पण एक वासरू गेलं नाही.

त्या एका फोनमधून काठ मंडळ उभं राहिलं. निपाणीच्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेल्या परशराम सरांनी सात गावची माणसं गोळा केली, तीन महाराष्ट्राची, चार कर्नाटकाची. मंडळाला नोंदणी नाही, शिक्का नाही, बोर्ड नाही. सरांचं म्हणणं साधं होतं. खडकेवाडीचा अर्ज निपाणीहून बेळगावला, तिथून बेंगळूरला, बेंगळूरहून मुंबईला आणि मुंबईहून कोल्हापूरला जातो, तेव्हा कुठं तो वरच्या गावात उतरतो. पाण्याला तेवढ्याच वाटेला दीड दिवस लागतो. तेव्हा आपण पाण्याच्या वाटेनं बोलू.

बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी, खडकेवाडीच्या बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारीत. तंबाखू जाऊन वर्षं झाली तरी भिंतींतून खकाणा उतरायचा आणि बैठकीची सुरुवात शिंकांनी व्हायची. प्रत्येक गावानं आपल्या घाटावरचं पाणी काचेच्या बाटलीत भरून आणायचं आणि वरून खाली अशा क्रमानं टेबलावर मांडायचं. सात बाटल्या ओळीनं ठेवल्या की कुणाला भाषण करायची गरज पडत नसे. कोणत्या दोन बाटल्यांच्या मध्ये रंग बदलला हे आंधळ्यालाही दिसावं. इतिवृत्ताच्या वहीत उभी रेघ मारून डावीकडे मराठी, उजवीकडे कानडी. दोन्ही बाजू अक्काताईच्या अक्षरात, आणि शेवटी दोन्ही तिनंच वाचून दाखवायच्या.

नियम चार-पाचच, पण मुख्य एक. बरगे घालायचे किंवा काढायचे असतील तर दोन दिवस आधी कळवायचं. वरच्या अंगाला एक कारखाना होता, तो अधूनमधून मळीचं पाणी सोडायचा. उन्हाळ्यात नदी वाहती नसते, बंधाऱ्याबंधाऱ्यांच्या मध्ये डबक्यासारखी साठलेली असते. अशा वेळी वरच्या गावानं आपल्या डोहातली घाण ढकलून दिली तर ती दोन दिवसांत खालच्या गावच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत. आधी कळलं तर खालचा माणूस टाकी भरून ठेवतो, मोटर बंद करतो, घाण पुढं जाऊ देतो. नागोजीनं अक्काताईला कळवायचं, तिनं कानडी करून भरमाला. पाच वर्षं हे चाललं. सरकारी कागदावर याचा कुठं उल्लेख नाही, आणि असता तर ते चाललं नसतं.

मल्लिकट्टीतून बायकांच्या संघाच्या वतीनं पूर्णिमाची सासू यायची. बाळाबाई. धिप्पाड बाई, साखरेची दुखणाईत, तोंडानं फटकळ. तिचं मराठी मोडकं होतं, पण नेमकं होतं. आपली बाटली ती सगळ्यांत शेवटी ठेवायची आणि सगळ्यांच्या देखत विहिणीकडे बघायची.

"इहीणबाई, तुमच्याकडनं आमाला दोनच जिनसा येत्यात. लेक आनि घाण पानी. लेक चांगली हाय."

"मग पाणी लेकीकडनं गाळून घ्या," अक्काताई म्हणायची.

सगळी वखार हसायची, शिंकायची, आणि कामाला लागायची. हा विनोद दर महिन्याला व्हायचा, आणि एखाद्या महिन्यात झाला नाही तर सर स्वतःच आठवण करून द्यायचे.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. बाणेवाडीच्या डोहात शनिवारी मासे उताणे तरंगले. रविवारपर्यंत घाटावर नाक धरल्याशिवाय उभं राहता येईना. आणि मंगळवारी गावची म्हाई. म्हाई म्हणजे लक्ष्मीची यात्रा, घरटी बकरं, घरटी तीस-चाळीस पाहुणे. एरवी मुंबई-पुण्याला असलेली माणसं त्या एका दिवसासाठी येतात. पाहुण्यांना या घाटावर कसं न्यायचं, देवीला आंघोळ कशानं घालायची? गावानं नागोजीला धरलं. सोमवारी दुपारी त्यानं मधल्या गाळ्यातले तीन बरगे ओढले. काळा डोह खाली निघून गेला, मागून वरचं निवळ पाणी आलं. कळवायचं राहिलं.

राहिलं म्हणायचं की ठेवलं म्हणायचं, ते पुढं येईलच.

मंगळवारी अक्काताई म्हाईला गेली. माहेरची म्हाई ती चुकवत नसे. जेवायच्या आधी घाटावर गेली, पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले. मे महिन्यात तळाचे दगड दिसत होते. तिला लहानपणची आठवण झाली आणि बरं वाटलं. घरी येऊन ती भावाला म्हणालीही, या वर्षी पाणी लई स्वच्छ आहे रं. नागोजी वाढत होता. त्यानं तिच्या ताटात आणखी एक पळी रस्सा घातला आणि पुढच्या पानाकडे वळला.

पाच वर्षं ज्या बाईनं सात बाटल्या ओळीनं बघितल्या, तिला मे महिन्यातलं स्वच्छ पाणी कुठून आलं आणि आधीचं कुठं गेलं, हा प्रश्न पडला नाही. माहेरच्या घाटावर बसलेल्या बाईला असले प्रश्न पडत नाहीत, हे खरं. पण ते निमित्त झालं, उत्तर झालं नाही, आणि हे तिला पुढं कुणी सांगावं लागलं नाही.

बुधवारी सकाळी ती खडकेवाडीला परतली, तोच मोबाइलवर नागोजीचा निरोप आला.

"परवा तीन बरगे. पाणी काळं."

एवढंच. क्रियापद नाही. नागोजी एरवीही असंच लिहायचा, दोन बोटं कमी असलेल्या हातानं माणूस किती लिहिणार. बुधवारी आलेला निरोप, नियम दोन दिवस आधीचा, म्हणजे परवा शुक्रवारी. अक्काताईला क्षणभरही अडखळायला झालं नाही. नियम तिनंच वहीत लिहिला होता.

आता आपल्या भाषेची एक खोड बघा. होऊन गेलेला परवाही परवा आणि यायचा आहे तोही परवा. आपण वाक्याच्या शेपटीवरून ओळखतो. शेपूट नसलं की ऐकणाऱ्याच्या मनात असेल तो परवा. कानडीत तसं नाही. गेलेल्या परवाला मोन्ने, येणाऱ्याला नाडिद्द. दोन वेगळे शब्द, घोटाळ्याला जागाच नाही. मराठीतून कानडीत जाताना मधल्या माणसाला एक निवडावा लागतो. अक्काताईनं नाडिद्द लिहिलं आणि भरमाला पाठवून दिलं.

भरमा कामाला पक्का. शुक्रवारी घाण निघणार, म्हणजे त्याच्याकडे दोन दिवस आहेत असं त्यानं धरलं. बुधवारी दिवसभर मोटर चालू ठेवली, वरची टाकी काठोकाठ भरली आणि घराघरांत सांगत फिरला, टाक्या भरा, बॅरल भरा, हंडे-कळशा भरा, दोन-तीन दिवस पाणी येणार नाही. सोमवारी सुटलेली घाण नेमकी त्या बुधवारी मल्लिकट्टीच्या जॅकवेलशी पोचली होती. पाणी चहासारखं दिसत होतं. मेअखेरचं तळाचं पाणी असंच असतं, म्हणून कुणी बोललं नाही. भरमानं ब्लीचिंगची पावडर नेहमीपेक्षा जास्त टाकली, तीही त्या घाणीनं खाऊन टाकली. निष्काळजी गाव असतं तर वाचलं असतं. मल्लिकट्टीनं निरोप ऐकला आणि घरातलं प्रत्येक भांडं त्या पाण्यानं भरून ठेवलं.

गुरुवारी उलट्या-जुलाब सुरू झाले. शुक्रवारी सत्तर माणसं आजारी. शाळेत सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या. बाळाबाई पहिल्या दिवशी म्हणाली, ऊन बाधलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आधी पोरांना न्या, मी काय पळून जाते. शनिवारी दुपारी निपाणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिची लघवी बंद झाली होती. संध्याकाळी गेली. बाकीची माणसं उठली. ती एकटी गेली.

अक्काताई पोचली तेव्हा अंगणात प्रेत होतं आणि पूर्णिमा पडवीत सासूची कळशी उपडी करत होती. पाणी मातीत मुरेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"आई, मामानं कधी काढले बरगे?"

अक्काताईला तोवर ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. शुक्रवारी निघायचं पाणी बुधवारीच कसं आलं, याचा तिनं दोन दिवस विचार केला होता आणि प्रत्येक वेळी मंगळवारच्या घाटापाशी येऊन ती थांबली होती. लेकीनं विचारलं तेव्हा तिथून पुढं जावंच लागलं.

तिसऱ्या दिवशी ती बाणेवाडीला गेली. नागोजी बंधाऱ्यावर साखळीला ग्रीस लावत होता. ती बसलीच नाही, उभ्यानंच विचारलं. सोमवारी बरगे काढले हे त्यानं लपवलं नाही. म्हाईचं सांगितलं, गावाचं सांगितलं, पंचांनी घरी येऊन बसल्याचं सांगितलं. सोमवारी फोन करणार होता, पाहुणे आले. मंगळवारी तू समोर होतीस, पण जेवणात कुठं असलं बोलायचं. बुधवारी मनाला टोचलं म्हणून लिहिलं.

"आणि लिहिलंस काय? परवा."

"सोमवार बुधवारच्या आदी किती दिस? परवाच की न्हाय? खोटं लिवलं काय मी आक्का?"

"तुला ठाऊक होतं मी दुसरा परवा धरणार."

नागोजीनं साखळी खाली ठेवली. त्याची आई विचारायची, गोठा कधी झाडलास रे, तेव्हाही तो परवा म्हणायचा. झाडला की झाडणार, ते आईनं ठरवावं. ही गोष्ट त्या दोघांशिवाय जगात आता कुणाला ठाऊक नव्हती.

"मला वाटलं, तू समजून घेशील," तो म्हणाला. "कुटला बी परवा घेतलास तरी माझ्यावर येत न्हाय, आसं वाटलं. माणूस मरंल आसं न्हाय वाटलं."

भावजयीनं बंधाऱ्यावर चहा आणला होता, तो तसाच राहिला.

दरम्यान निपाणीतून, बेळगावातून गाड्या यायला लागल्या होत्या. झेंडे लावलेल्या, दोन्ही रंगांचे. एका बाजूचे म्हणत होते, महाराष्ट्रानं विष सोडलं. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, मराठी माणसाला बदनाम करायचा हा डाव आहे. नदीत मळी सोडणाऱ्या कारखान्याचं नाव दोघांच्याही तोंडी नव्हतं. एका चॅनेलच्या पोरानं भरमाच्या तोंडाला माइक लावून विचारलं की हे मराठी लोकांनी मुद्दाम केलं का. भरमा म्हणाला, मोटर मी चालू केली, काय विचारायचं ते मला विचार. ते काही त्यांनी दाखवलं नाही.

परशराम सर अक्काताईकडे दोनदा येऊन गेले. त्यांनी वाक्य तयार करून आणलं होतं. "भाषांतरातील अनवधानामुळे निरोपाचा दिवस चुकला." एवढं वहीत आलं की प्रकरण मिटतं. वरच्या गावांवर ठपका नाही, खालच्यांना कारण मिळालं, झेंडेवाल्यांना चघळायला काही उरलं नाही. मंडळ राहिलं तर उद्या आणखी माणसं वाचतील.

"भाषेची चूक कुणाचीच नसते, टीचर."

"सर, त्यातलं भाषांतर म्हणजे मी."

सरांनी चष्मा पुसला. तुमचं नाव कुठंच घालणार नाही, म्हणाले. म्हातारा वाईट नव्हता. त्यानं पाच वर्षं स्वतःच्या पेन्शनीतून सगळ्यांना चहा पाजला होता, आणि जे वाचवायचं होतं ते खरोखर वाचवण्यासारखं होतं. अक्काताईलाही ते वाक्य हवंसं वाटलं, हे सांगितलं पाहिजे. त्या वाक्यात नागोजी सुटत होता. म्हाई सुटत होती. चूक तेवढी तिच्या एकटीची उरत होती, आणि चुकीला लोक शेवटी क्षमा करतात.

तिनं लेकीला विचारलं. तेराव्याचं उरकून पूर्णिमा भांडी आवरत होती.

"माझी चूक म्हणू, का मामाचं सांगू?"

"कुणाचं बी सांग," पूर्णिमा म्हणाली. "दोघं माझ्याच माहेरची. मला हितंच राहायचंय." मग थोड्या वेळानं, भांड्यांकडेच बघत, "सासूबाई शेवटी विचारत होत्या, नाडिद्द म्हणालते की, मग आधीच कसं आलं? मी काय सांगणार होते."

जून उजाडला, पहिला रविवार आला. वखारीत माणसं मावत नव्हती. टेबलावर सहाच बाटल्या होत्या, मल्लिकट्टीची जागा रिकामी. कुणी शिंकलं तरी दबून शिंकत होतं. अक्काताई वही घेऊन उभी राहिली. इतिवृत्त तिनं घरूनच लिहून आणलं होतं, पाच ओळी मराठीत, पाच कानडीत. सरांना आधी दाखवलं नव्हतं.

तिनं वाचलं. सोमवारी बाणेवाडी बंधाऱ्याचे तीन बरगे काढले, मंडळाला कळवलं नाही. मंगळवारी इतिवृत्त लिहिणारी स्वतः त्या घाटावर होती, तिला पाणी स्वच्छ दिसलं, तिनं विचारलं नाही. बुधवारी निरोप आला, त्यात परवा असा शब्द होता, दिवस नव्हता. तो तिनं नाडिद्द म्हणून पुढं पाठवला, फोन करून खात्री केली नाही. मल्लिकट्टीच्या बाळाबाई या त्या पाण्यानं वारल्या.

मग तेच कानडीत.

बाणेवाडीचे पंच आधी उठले. घरच्या बाईनं घर उघडं केलं, असं त्यातला एक म्हणाला, तिच्याकडे न बघता. त्यांच्यामागून वरची दुसरी दोन गावं आपापल्या बाटल्या घेऊन उठली. नागोजी शेवटी उठला. टेबलापाशी आला, आपली पहिली बाटली उचलली. बाटलीत पाणी होतं, ते त्यानं दारात ओतलं आणि बाटली पिशवीत घातली. बहिणीच्या अंगाला अंग लागेल इतक्या जवळून गेला.

टेबलावर तीन उरल्या. सर खुर्चीत बसून राहिले. ते पुढं कधी वखारीत आले नाहीत, आणि त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. भरमा मात्र जाताना टेबलापाशी थांबला. "टीचर, खरं बोललाय. पन आता वरनं कोन सांगनार?"

भाऊबीजेला बाणेवाडीतून कुणी आलं नाही. संक्रांतीला तिनं पाठवलेला तिळगूळ परत आला, डबा न उघडता. मल्लिकट्टीत तिला बसायला पाट मिळायचा, पाणी मिळायचं, पण तांब्या समोर ठेवून पूर्णिमा आत निघून जायची.

ऑक्टोबरात बरगे बसले तेव्हापासून अक्काताईनं एक काम धरलं. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळची गाडी. निपाणीपर्यंत कर्नाटकाची, पुढं महाराष्ट्राची एस.टी. बाणेवाडीच्या अलीकडे रस्त्याचा पूल आहे, तिथं उतरायचं. पूल सरकारचा, तिथं कुणी कुणाला अडवू शकत नाही. कठड्याशी उभं राहून ती बंधाऱ्याचे गाळे मोजायची, प्रत्येक गाळ्यात पाण्यावर किती बरगे दिसतात ते मोजायची, पाण्याचा रंग बघायची, आणि भरमाला पाठवायची. तारीख, वार, आकडा. परवा हा शब्द तिनं बोलण्यातूनही काढून टाकला होता. शेजारीण कधी म्हणाली की परवा बाजारला गेलते, तर ही विचारायची, कधी, कुठल्या वारी? शेजारीण म्हणायची, टीचर आता म्हाताऱ्या झाल्या.

पुलावर ती उभी असली की नागोजी बंधाऱ्यावर असायचा. दोघांत शंभर पावलं. तो पाठ फिरवून काम करायचा. ती मोजून परतीच्या गाडीला जायची. असे सात महिने गेले. आठवड्यातून दोन दिवस म्हणजे पाच दिवस उघडे, हे तिलाही कळत होतं आणि भरमालाही.

मे महिन्यात एका सोमवारी ती उतरली तेव्हा वास आधी आला. डोह काळा होता, काठाला पांढरी पोटं लागली होती. म्हाई आठ दिवसांवर. बंधाऱ्यावर कुणी नव्हतं. तिनं मोजले, सगळे बरगे जागेवर. मग तिचं लक्ष बंधाऱ्याच्या, पुलाकडे तोंड असलेल्या खांबाकडे गेलं. त्यावर पुराच्या खुणा होत्या, त्यांच्या वर, पुलावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, चुन्यानं नवं काहीतरी लिहिलं होतं.

२० / २

शब्द एकही नाही. अक्षर कुणाचं ते तिला पुलावरूनही कळत होतं, दोन बोटं कमी असलेल्या हाताचं दोन असंच आडवं पडतं. वीस तारीख, दोन बरगे. आज अठरा. दोन दिवस आधी.

ती वाचून झाल्यावरही उभी होती. बंधाऱ्याच्या पलीकडे झाडाखाली कुणीतरी बसलेलं दिसत होतं, तोंड दुसरीकडे करून. तिनं हाक मारली नाही. भरमाला कानडीत लिहिलं की वीस तारखेला, बुधवारी, दोन फळ्या काढणार आहेत. मग पुढं लिहिलं की हे खांबावर वाचलं आहे, मी बुधवारी स्वतः येऊन बघेन, माझा फोन येईपर्यंत टाकी भरू नको, गावाला सांगू नको.

बुधवारी तिचा फेरीचा दिवस नव्हता. तरी गेली. गाडी उशिरा पोचली, पाणी वाहायला लागलं होतं, नागोजी मधल्या गाळ्यावर साखळी गुंडाळत होता. कठड्याशी उभं राहून तिनं बरगे मोजले. परत मोजले. दोन लिहिले होते, तीन कमी होते.

नागोजीनं एकदा पुलाकडे बघितलं आणि बाहीनं तोंड पुसलं. अक्काताईनं फोन कानाला लावला.

"भरमा, वीस तारीख, सकाळी साडेदहा. तीन. होय, तीनच, डोळ्यांनी बघतेय. पाणी काळं आहे. आत्ता भर, आणि उद्या दुपारी बारानंतर मोटर बंद."